अकोल्याचा अशोक, जयवंताचा चाफा

खड्डा सकाळीच खणून झाला होता. त्यात काय लावायचं याचा निकाल मात्र दुपार झाली तरी लागेना. आणि त्या एका खड्ड्याच्या काठाशी पुंजाराम पाटलाची नवी कोरी अब्रू, त्याच्या लेकीचं लग्न आणि जयवंताचं पुढचं सगळं आयुष्य येऊन थांबलं होतं.

अक्षय तृतीयेचा दिवस. झाड लावायला याहून चांगला मुहूर्त नाही, असं माणिकबाईंनी अकोल्याहून निघण्याआधीच कळवलं होतं. येताना बैलांच्या दमणीत आपल्या शेजारी, माणसाला बसवावं तसं बसवून, त्यांनी अशोकाचं रोप आणलं. मातीची कुंडी, बुंध्याला ओलं फडकं, कमरेएवढी उंची. "आमच्या बागेतला आहे," त्या उतरता उतरताच म्हणाल्या. "अमरावतीत तुमच्या दारात शोभेल. आमच्याकडे आता चांगल्या घरांपुढे हाच असतो." 'चांगल्या' या शब्दावर त्या जरा जास्त वेळ थांबल्या.

माणिकबाई ही पुंजारामाच्या लेकीची, कौशल्येची होणारी सासू. होणारी, अजून झालेली नव्हती. जेवणं उरकली की सुपारी फुटायची होती, आणि सुपारी फुटेपर्यंत पुंजाराम त्यांच्यापुढे असा वावरत होता की जणू घर त्यांचं आणि तो तिथला राखणदार.

तिकडे सातासमुद्रापार अमेरिकेत गोरे गोऱ्यांचे गळे कापत होते आणि त्यापायी इकडे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. लोकांनी परसं नांगरली, आमराया तोडल्या, उकिरड्याच्या जागेवरसुद्धा सरकी टोकली. पुंजारामानं तेवढी दारापुढची जागा मोकळी सोडली. जिथं कपाशी येऊ शकते तिथं शोभेचं झाड लावायचं, याहून मोठी श्रीमंती त्याला सुचली नव्हती. कापूस चढला तशी माणसंही चढली. कालपर्यंत जे कुणबी होते ते बघता बघता देशमुख झाले. आणि देशमुख झाल्याबरोबर पहिलं काम त्यांनी काय केलं? विहीर बांधली? शाळा काढली? नाव नको. घरातल्या विधवांचे पाट बंद केले. आज्या-पणज्यांपासून विधवा दुसरा नवरा करत आली होती, नांदत आली होती, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. आता 'आमच्यात पाट लागत नाही' हे बोलणं चांदीच्या ताटासारखं घरोघरी मिरवू लागलं. अकोल्याच्या घराची अटही तीच होती: ज्या घरात पाट लागतो त्या घरची पोर आम्ही करत नाही.

आणि जयवंताला पाट लावायचा होता.

ती पुंजारामाच्या मधल्या भावाची, महादेवरावाची बायको. महादेवराव पटकीत गेला तेव्हा तिनं पंचविशीही गाठली नव्हती. या घरात तिला उपाशी ठेवत नव्हते की मारत नव्हते. फक्त तिला मोजत नव्हते.

सकाळी गोदाबाई, पुंजारामाची बायको, स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. जयवंता मागल्या पडवीत दाराआड आंबे पिळत बसली होती. पाहुण्यांसमोर विधवेनं यायचं नाही. तिनं पिळलेला रस मात्र चालतो. रसाला विटाळ नसतो.

माणिकबाई चटईवर टेकल्या. "विहीणबाई, तुमचं माहेर बडनेऱ्याचं ना? आई आहेत?"

गोदाबाईनं तोंड उघडायच्या आत उंबऱ्यातून पुंजारामाचा आवाज आला. "देवाघरी गेल्या. लय वर्स झाले."

वरवंटा थांबला. जयवंतानं फटीतून पाहिलं. गोदाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं नाही, पाहुणीकडे पाहिलं नाही. पाट्यावरच्या पुरणाकडे पाहिलं. मग वरवंटा पुन्हा चालू झाला, पण आता ती पुरण वाटत नव्हती, काहीतरी चिरडत होती.

गोदाबाईची आई बडनेऱ्यात धडधाकट होती. होळीनंतर तिनं धाडलेल्या कुरडयाच आज पाहुण्यांच्या पानात पडणार होत्या. तिचा गुन्हा एकच. पहिला नवरा गेल्यावर ती दुसऱ्याच्या घरी पाट लावून गेली, आणि त्या दुसऱ्या घरात गोदाबाई जन्मली.

माणिकबाई उठून बाहेर गेल्यावर जयवंता दाराआडून म्हणाली, "बाई, आजी कवा मेल्या वं?"

"चूप बस, जयवंते."

"नाई, सुतक पाळाचं की नाई ते इचारून राहिली मी. पुरन तं शिजलं."

"तुह्या जिभेले हाड नाई," गोदाबाई म्हणाली. पण तिनं पदरानं डोळे पुसले, आणि पुरणाचा हात पदराला लागला तरी तिला कळलं नाही.

पाटाची मागणी घालणारा माणूस म्हणजे नत्थुजी. त्याच्या स्वतःच्या बैलगाड्या होत्या. वऱ्हाडचा कापूस भरून तो दूरदूर जाई. बाप लवकर गेला, बहिणी उजवता उजवता स्वतःचं लग्न राहून गेलं. आठवड्यामागं तो आला तो सरळ ओट्यावर आला आणि सरळ बोलला, "पाटील, जयवंताबाईसंगं पाट लावाचा म्हनतो."

पुंजाराम हसला होता. "तू कुवारा हायेस ना बे?"

त्या हसण्यात सगळी मेख होती. कुवाऱ्या माणसाला विधवेशी एकदम पाट लावता येत नाही. आधी त्याचं लग्न रुईच्या झुडपाशी लावायचं. मारुतीला ज्याच्या पानांची माळ घालतात, तीच रुई. झुडपाला हळद लावायची, जातीतल्या पाच माणसांनी अक्षता टाकायच्या, मग झुडूप उपटायचं. बायको मेली, माणूस बिजवर झाला, आता खुशाल विधवा करा. हसू येतं? मग ज्यांनी हे ठरवलं त्यांना हसा. पण ते पाच जण हवेतच, आणि पुंजारामाच्या शब्दाबाहेर जाऊन अक्षता उचलणारे पाच जण साऱ्या पंचक्रोशीत नव्हते.

"जा, पाच जन आन," पुंजाराम म्हणाला होता. "मंग बोलू."

नत्थुजी गेला. त्या रात्री पुंजारामानं गोदाबाईच्या तोंडून जयवंताला निरोप धाडला. दारापुढचा बगीचा तुझ्या हवाली. तू म्हणशील ते झाड मधोमध लावू. मरेपर्यंत त्याच्याखाली बस. पण पाटाचं नाव काढू नको. एका जित्या माणसाच्या बदल्यात एक झाड. सौदा पुंजारामाला रास्त वाटला.

जयवंतानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, "खुरचाफा." तिला बघायचं होतं, विधवेच्या मनातलं एक झाड तरी हे लोक दारात येऊ देतात का. फांदी आणून द्यायला नत्थुजीच तयार झाला. परतवाड्याच्या अब्दुल सत्तारच्या बागेतला चाफा साऱ्या मुलखात नावाजलेला. तिथून त्यानं हाताच्या मनगटाएवढी फांदी आणून दिली. जयवंतानं ती सावलीत आडवी ठेवली होती, चीक वाळायला.

आणि आज दारात अशोक येऊन बसला.

जेवणं झाली. माणिकबाई, त्यांचा भाऊ आणि बाकीची मंडळी ओट्यावर आली. सुपारीसाठी बोलावलेले वाजंत्री सावलीत पाय पसरून बसले होते. विडा तोंडात घोळवत माणिकबाईंनी हळूच विषय काढला, "पाटील, आमच्या कानावर एक आलंय. तुमच्या मधल्या भावाची बायको म्हणे पाट लावणार आहे?"

पुंजारामाचा विडा गालातच राहिला. "कोन म्हनते? हा खड्डा दिसते ना तुमाले? तिच्या मनासारखं झाड लावून राहिलो आमी दारात. जानारी बाई झाड लावते का?"

"मग बोलवा की तिला. दोन झाडं आहेत. तिच्या तोंडून ऐकू, कोणतं लावायचं ते."

ही गोष्ट उदारपणाची दिसत होती. नव्हती. आपल्या रोपाला एक विधवा नाही म्हणते की काय ते त्यांना बघायचं होतं.

जयवंता आली आणि खांबाआड उभी राहिली. नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, भासऱ्याशी, थेट बोलायची रीत नाही. मधे कोणीतरी लागतं. कौशल्या उभी राहिली. दिराशी मात्र बोलता येतं, थट्टाही करता येते; आणि अशोकाची वकिली करायला दीरच पुढे सरसावला. चंद्रभान. सगळ्यांत धाकटा. अकोल्याच्या कापूसबाजारात दलाली करायचा. हे स्थळ त्यानंच आणलं होतं.

"वयनी, अशोक म्हंजे देखो, कसा सरळसोट. बारा महिने हिरवागार. लग्नात तोरनाले पानं घरची. अन् चाफा? अर्धं साल नागडा उभा राहाते. आल्यागेल्याले वाटन पाटलाच्या दारात झाड मेलं."

"भाऊजी, अशोकाच्या सावलीत कवा बसले का तुमी?"

"त्याले सावली कुठी हाय? तो तं वरच्या वर जाते."

"फूल येते?"

"येते ना. पन हिरवं. पानात दिसत नाई."

"वास?"

"वास... नाई वास."

"फळ कोन खाते?"

चंद्रभान हसला. "वाघुळं."

"मंग ते कोनासाठी लावाचं भाऊजी? पाहुन्याइले दाखवाले अन् वाघुळाइले खाले?"

वाजंत्र्यांतलं कुणीतरी फिसकन हसलं. माणिकबाईंची मान ताठ झाली. "चाफा कबरीवर लावतात, बाई. मुसलमानांच्या. तो दारात?"

"कबरीवर असते अन् देवळातही असते," जयवंता म्हणाली. "मेलेल्याजवळ राहून फुलते ते झाड. म्हनून मले पायजे."

पुंजारामानं लेकीकडे बघून आवाज चढवला, "कौशल्ये, तिले सांग, काळ्या मातीत चाफा सडते."

"कौशल्ये, तुह्या बाबाले सांग, खड्ड्यात मुरूम टाकून घेतला म्या. अशोकाले पानी लागते, चाफ्याले लागत नाई. अन् अशोकाची फांदी तोडून लावून पाहा. तिथंच सुकन. चाफ्याची तोडा, सावलीत पडू द्या, दूध वाळू द्या, मंग कुठीही लावा. नव्या मातीत लागते."

कौशल्या एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. दोघांचंही दोघांना ऐकू जात होतं. तरी तिनं निरोप पोचवल्यासारखी मान हलवली.

"भाऊजी," माणिकबाई चंद्रभानला म्हणाल्या, "आमचं रोप परत न्यायचं का आम्ही?"

पुंजाराम पेचात पडला. अशोक लावला तर जयवंताचा सौदा मोडतो आणि ती उद्या पाट लावायला मोकळी. चाफा लावला तर व्याह्यांचं रोप कुंडीत राहतं. पाट जास्त महाग होता. "तुमचा अशोक कुंपनाजवळ लावू, मोठ्या मानानं," तो घाईनं म्हणाला. "मधी चाफा. चाफा तं चाफा. पन कौशल्ये, सांग तिले, एकदा रोवला की ती या दाराची. मरेपर्यंत."

आणि इथं त्याला अवदसा आठवली. नत्थुजी फाटकाबाहेर गाडीला टेकून उभा होता. फांदी देऊन दिवस झाले होते, तरी आज तो पुन्हा आला होता. पुंजारामानं त्याला पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. या गड्याच्याच हातानं हिला या दाराशी पुरायचं. सगळ्यांसमोर. मग पुन्हा बोलून दाखव म्हणावं.

"नत्थ्या! ये इकडे. तूच आनली, तूच धर. चीक अंगावर पडला तं पाहुन्याइचे कपडे खराब होतीन."

नत्थुजी आला. त्यानं जयवंताकडे पाहिलं नाही. फांदी उचलली, खड्ड्यात सरळ उभी केली, दोन्ही हातांनी धरली. बाजूनं माती लोटली गेली.

"वाजवा बे, झोपले काय?" पुंजाराम ओरडला. अकोल्याच्या लोकांनी बघावं, पाटलाच्या घरात साधं झाडही वाजतगाजत लागतं. सनई सुरू झाली. "आन वं हळद. अक्षता आना. मुहूर्ताचं झाड हाय."

गोदाबाई ताट घेऊन उतरली. तिनं फांदीला हळद लावली, वरपासून खालपर्यंत, चोळून. नत्थुजीची बोटं मधे होती. ती पिवळी झाली. मग तिनं हळदीत बुडवलेला दोरा घेतला आणि फांदीभोवती गुंडाळू लागली. एक वेढा, दुसरा वेढा. जयवंता खांबाआडून बघत होती. दोरा फांदीवरून नत्थुजीच्या मनगटावर गेला, मनगटावरून परत फांदीवर. घाईत चुकून नव्हे. गोदाबाईनं वेढा ओढून गाठ मारली, आणि मान वर करून एकदाच जयवंताकडे पाहिलं.

जयवंताच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. तिनं खांब घट्ट धरला. आता बोलायचं नाही. अजून नाही.

"टाका रे अक्षता! सगळे टाका!" पुंजाराम स्वतः मूठ भरून पुढे झाला. चंद्रभानानं टाकल्या. माणिकबाईंच्या भावानं टाकल्या. पुंजारामाचे दोन भाऊबंद पोटं सावरत उठले, त्यांनीही टाकल्या. पिवळे तांदूळ फांदीवर पडले, नत्थुजीच्या पागोट्यावर पडले, त्याच्या खांद्यांवर पडले. सनई टिपेला गेली.

जयवंता खांबाआडून बाहेर आली. डोक्यावरचा पदर तिनं मागे सारला आणि जन्मात पहिल्यांदा भासऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलली.

"भासरेबुवा, पाच जन झाले."

सनई थांबली. पुंजारामाला आधी तिचं बोलणंच कळेना, तिनं बोलावं हेच त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. "काय?"

"तुमी म्हनले होते पाच जन आन, मंग बोलू. तुमीच आनले. हळद लागली, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. नत्थुजी आता कुवारे नाईत. बोला."

चंद्रभानाला सगळ्यांत आधी उमगलं. त्यानं नत्थुजीच्या मनगटावरचा पिवळा दोरा पाहिला, तोंडावर हात दाबला, आणि तरी हसू फुटलंच. "अरे बाप्पा! दादा, तू तं मामा होऊन उभा राहिला रे लग्नात!"

"ते रुईशी लावाचं असते!" पुंजाराम गरजला. "हा चाफा हाय!"

"रुईलेही चीक, चाफ्यालेही चीक," जयवंता म्हणाली. "अन् चाफा तं चाफा, असं तुमीच म्हनले. सगळ्याइनं ऐकलं."

"तमाशा लावला का माह्या दारात? उपटा ते! नत्थ्या, हो बाजूले!" पुंजाराम धावला, त्यानं फांदी दोन्ही हातांनी धरली.

"दादा, उपटू नको!" चंद्रभान ओरडला. त्याच्या तोंडाला कधीच कुलूप नव्हतं. "उपटली तं त्याची बायको मेली! बिजवर होईन तो! मंग तं पाट आत्ताच लागन!"

पुंजाराम तसाच थांबला, फांदी धरून. समोर दुसऱ्या बाजूनं नत्थुजीनं तीच फांदी धरलेली. दोघं एकमेकांच्या तोंडात बघत उभे. ओढली तर गडी बिजवर, सोडली तर लग्न झालेला; पुंजाराम दोन्हीकडून फसला. जातीचा नियम त्यानंच दारात उभा केला होता, आणि नियम आता त्याच्याकडे बघून दात विचकत होता.

"तू काही बोलत काहून नाई बे?" तो नत्थुजीवर खेकसला.

"म्या काय बोलू पाटील," नत्थुजी म्हणाला. "म्या तं धरून उभा हाय."

माणिकबाई खुर्चीतून उठल्या होत्या. "म्हणजे तुमच्या घरात पाट लागतो तर."

"नाई लागत!" पुंजाराम फांदी सोडून त्यांच्याकडे वळला. "देवाशपथ, आमच्या घरात कवाच..."

"लागते."

हा आवाज गोदाबाईचा होता. हळदीचं ताट तिच्या हातात तसंच होतं. तिनं आवाज चढवला नाही, म्हणूनच तो सगळीकडे ऐकू गेला. "माही माय पाटाची हाय. बडनेऱ्याले हाय, जित्ती हाय. तुमी दुपारी कुरडया खाल्ल्या त्या तिच्या हातच्या. गोड लागल्या म्हनल्या तुमी."

"गोदे!"

"गोदे काय? सकाळी मारली तुमी तिले माह्या चुलीसमोर. पुरन वाटता वाटता माय मेली माही. आता पोरीच्या लग्नाले तिनं यायचं नाई, का तं ती मेलेली हाय! अन् मी? पाटाच्या बाईच्या पोटची. माह्या पोटची ही कौशल्या. घ्या, आता करा सून, नाईतं नका करू."

माणिकबाईंच्या बोलण्यावरचा अकोल्याचा साज एका झटक्यात उतरला. "फसवून राहिले होते तुमी आमाले! चल वो दादा, जू बांधा म्हनाव. आन् तू वं पोरी, तुह्या लग्नाचं काय होईन याची काही चिंता तुह्या मायले?"

कौशल्या इतका वेळ निरोप्यासारखी मधे उभी होती. आता ती बोलली, आणि कुणाचा निरोप म्हणून नव्हे. "जित्त्या सासूले मेली म्हननारा व्याही चालला तुमाले. पाटाची आजी नाई चालत. मंग राहू द्या."

दमणी निघून गेली. सुपारी ताटात तशीच राहिली. पुंजारामाचे भाऊबंद पागोटी चाचपत कुठं बघावं ते न कळून उभे होते. चंद्रभान आता हसत नव्हता. स्थळ त्याचं होतं, अकोल्याच्या बाजारात उद्या तोंड त्याला दाखवायचं होतं. तरीही तोच म्हणाला, "दादा, झालं ते झालं. पाचात मीही होतो. म्या अक्षता टाकल्या, मी नाई म्हननार नाई."

पुंजाराम ओट्याच्या पायरीवर बसला. मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, आणि या वेळी कौशल्येच्या आडून नव्हे, "रात्री जाय. मागच्या दारानं. अंधार पडल्यावर. रीत तशीच हाय."

रीत खरंच तशी होती. पाटाची बाई अंधारात न्यायची, मागच्या दारानं, चोरीच्या मालासारखी. तिचं तोंड सवाशिणीच्या नजरेला पडू नये. पडलं तर म्हणे तिच्याही कपाळाचं कुंकू जातं.

"नाई," जयवंता म्हणाली. "आत्ता. पुढच्या दारानं. मी काही चोरून नेऊन नाई राहिली. मलेच नेऊन राहिली."

गोदाबाईनं ताट खाली ठेवलं. स्वतःच्या मनगटातल्या हिरव्या बांगड्या ती ओढू लागली. हात फुगले होते, कातडं सोललं. तरी एकही न फोडता तिनं त्या काढल्या आणि जयवंताच्या रिकाम्या हातात चढवल्या. सवाशिणीनं विधवेला बांगड्या भरायच्या नसतात.

"लुगडं?" गोदाबाईनं नत्थुजीला विचारलं.

"गाडीत हाय. मोहरीच्या फुलाच्या रंगाचं," तो म्हणाला आणि लाजला. मनगटावरचा दोरा त्यानं सोडला नव्हता. फांदीपाशी तोडून वेढा मनगटावर तसाच ठेवला होता.

"हे काय, आधीपासून आनून ठेवलं?" चंद्रभान म्हणाला.

"आठवड्यापासून गाडीतच हाय, भाऊ."

ऊन अजून कडक होतं तेव्हा जयवंता पुढच्या दारानं उतरली. पिवळं लुगडं, कपाळावर गोदाबाईनं लावलेलं कुंकू, डोक्यावरचा पदर मागे. नत्थुजीनं गाडीत बस म्हटलं. ती म्हणाली, गल्ली संपेपर्यंत चालते. तो बैलांच्या पुढे, ती मधोमध रस्त्यानं.

बातमी तिच्याही पुढे धावली होती. ओट्यावर शेवया वळत बसलेल्या बाया तिला येताना बघून उठल्या. कुणी आत पळाली. ज्यांना उठायला वेळ मिळाला नाही त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. सगळी गल्ली पाठमोरी झाली. जिच्या पोराला जयवंतानं गोवरात मांडीवर घेऊन रात्री काढल्या होत्या, तिचीही पाठ. जिच्या लग्नात ओव्या म्हटल्या, तिचीही.

नत्थुजीनं मागे वळून पाहिलं. "बस गाडीत. काहून जीव जाळतं?"

जयवंता थांबली. पहिल्याच ओट्यासमोर. भिंतीकडे तोंड केलेली बाई तिला पाठीवरून ओळखू येत होती.

"काय वं सत्यवती," ती मोठ्यानं म्हणाली. "शेवया बारीक निंगाल्या का?"

उत्तर आलं नाही. ती पुढच्या ओट्याकडे गेली. "पार्वताबाई, पाठ दुखते म्हनत होत्या ना? दिसून राहिली, लय सरळ दिसून राहिली."

कुठंतरी कुणीतरी हसू दाबलं. ती थांबली नाही. एकेक पाठ, एकेक नाव. कुणाला पोराचं विचारलं, कुणाला गाईचं, कुणाला कंबरेचं. आवाज फाटला, तरी खाली आला नाही. गल्लीच्या मध्याशी आल्यावर मागून आवाज आला. आधी तिला खरं वाटलं नाही. सत्यवती होती. तोंड अजून भिंतीकडेच.

"निंगाल्या," भिंतीला सांगावं तशी ती म्हणाली. "लय बारीक निंगाल्या."

जयवंतानं मागे वळून पाहिलं नाही. पुढच्या दारासमोर जाऊन ती उभी राहिली, आणि आतल्या बाईचं नाव घेऊन तिला हाक मारली.